खेळातले शिंपी आणि कंपनीचे नाणे

२०२१च्या मे महिन्यात गुची या इटालियन पेढीने रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळाच्या मंचावर एक प्रदर्शन मांडले होते. खेळाडूच्या पडद्यावरील प्रतिमेने खांद्याला लावावयाची एक पिशवी तेथे पाचसहा डॉलरांना विकावयास ठेवली होती. ती मर्यादित काळच मिळणार असल्यामुळे तिच्या फेरविक्रीला ऊत आला आणि अखेर एका ग्राहकाने ती साडेतीन लाख रोबक्सना, म्हणजे सुमारे ४,१०० डॉलरांना विकत घेतली. तीच पिशवी खऱ्या कातड्याची घेतली असती, तर गुचीच्या दुकानात तिला त्या वेळी ३,४०० डॉलरांच्या आसपास पडले असते. वस्तूपेक्षा वस्तूचे चित्र महाग, ही बातमी जगभर चवीने वाचली गेली आणि श्रीमंतांच्या लहरींची आणखी एक गंमत म्हणून विसरलीही गेली. तथापि या बातमीच्या मागे जो व्यापार उभा आहे, तो गमतीवारी नेण्यासारखा राहिलेला नाही. पडद्यावरच्या बाहुलीसाठी कपडे तयार करण्याच्या उद्योगात आज लाखो हात गुंतले आहेत. त्यांतले बरेचसे हात शाळकरी मुलांचे आहेत आणि अनेकांपाशी साधन म्हणून हातातल्या फोनखेरीज दुसरे काहीही नाही. हे काम आहे की खेळ, याचा निवाडा मात्र अद्याप कोणी केलेला नाही. तो न करण्यातच सध्या बऱ्याच जणांची सोय आहे.

खेळाडूच्या या प्रतिमेला जगभर ‘अवतार’ असेच म्हणतात. संस्कृतातला हा शब्द १९८०च्या दशकात लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या संगणकीय खेळाने उचलला आणि पुढे तो साऱ्या खेळांत रूढ झाला. मराठीत मात्र या शब्दाचा कपड्यांशी संबंध आधीपासूनच आहे. धुळीने माखून, सदऱ्याची गुंडी तुटलेल्या स्थितीत घरी आलेल्या मुलाला ‘हा काय अवतार?’ असे आई विचारते, तेव्हा तिला दशावतार अभिप्रेत नसतात. माणूस कसा दिसतो, यावरून त्याची पत ठरते, हा व्यवहार त्या प्रश्नात गृहीत धरलेला असतो. पडद्यावरच्या जगातही हाच नियम चालतो. खेळात उतरणाऱ्या प्रत्येकाला कंपनी एक ठरावीक फुकट वेश देते. तो अंगावर असला म्हणजे नवखा म्हणून ओळखले जाण्याची नामुष्की येते. ती टाळण्यासाठी मुले कपडे विकत घेतात, आणि जेथे घेणारे असतात तेथे शिवणारेही निर्माण होतात.

रोब्लॉक्स हा एक खेळ नसून खेळांची पेठ आहे. डेव्हिड बझुकी आणि एरिक कॅसल यांनी २००४ साली स्थापन केलेल्या आणि कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ येथे मुख्यालय असलेल्या कंपनीने २००६ साली ती सुरू केली. या पेठेतले खेळ कंपनी बनवीत नाही, ते खेळणारेच बनवितात. कपड्यांचेही तसेच. २०२१च्या मार्चमध्ये कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आले. २०२५च्या दुसऱ्या तिमाहीत रोज येथे येणाऱ्यांची सरासरी संख्या अकरा कोटींच्या वर गेली होती. गिऱ्हाईक कोण, हेही कंपनीने भागविक्रीपूर्वीच्या आपल्या निवेदनपत्रात सांगून टाकले होते. २०२०च्या पहिल्या नऊ महिन्यांत तिच्या वापरकर्त्यांपैकी ५४ टक्के तेरा वर्षांखालील होते. पुढे मोठ्या वयाच्या खेळाडूंचे प्रमाण वाढले, तरी मुलांची पेठ हे तिचे स्वरूप पालटलेले नाही. मालक प्रौढ, गिऱ्हाईक मूल आणि कारागीरही बहुधा मूलच, अशी पेठ व्यापाराच्या इतिहासात यापूर्वी क्वचितच असेल.

फोनवर हा कपडा कसा तयार होतो, हे पाहिल्याखेरीज या कामाची प्रत कळणार नाही. कंपनी ५८५ पिक्सेल रुंद आणि ५५९ पिक्सेल उंच असा एक साचा देते. इष्टिकाचितीसारख्या आकाराचे धड आणि हात उलगडून सपाट केले, तर जी आकृती मिळेल तीच या साच्यावर आखलेली असते. छातीचा चौकोन, पाठीचा चौकोन, दोन बगला, वरची बाजू, खालची बाजू आणि दोन्ही हातांचे असेच तुकडे. मूल हा साचा फोनवर उतरवून घेते, चित्रे काढण्याच्या एखाद्या फुकट ॲपमध्ये उघडते आणि त्यावर थरावर थर चढवीत रंगकाम करते. एका थरावर कापडाचा रंग, दुसऱ्यावर घड्यांच्या सावल्या, तिसऱ्यावर गुंड्या आणि शिवण. जेथे कातडी दिसावयास हवी तेथली जागा पारदर्शक ठेवावी लागते. फोनने चित्र चुकीच्या प्रकारात साठविले, तर तीच जागा पांढरी होते आणि अर्ध्या बाहीचा सदरा पूर्ण बाहीचा होऊन बसतो. छातीवरचा पट्टा बगलेतल्या पट्ट्याशी जुळला नाही, तर पडद्यावरची बाहुली वळताच शिवण चुकलेली उघड दिसते. आकार एका पिक्सेलनेही चुकवून चालत नाही. हे सारे पाचसहा इंचांच्या काचेवर, बोटाने. मग ब्राउझरला आपण संगणकावर आहोत असे भासवून कंपनीचे संकेतस्थळ उघडावयाचे, चित्र चढवावयाचे, १० रोबक्स शुल्क भरावयाचे आणि तपासनिसांच्या मंजुरीची वाट पाहावयाची.

ज्या शिक्षकाने कधी भूमितीतल्या घनाकृती फळ्यावर उलगडून दाखविल्या असतील, त्याला या कामाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. सपाट कागदावरचा तुकडा तीन मितींत कोठे जाऊन बसेल, हे मनाशी पाहता येणे ही शिंप्याची, सुताराची आणि अभियंत्याची समान विद्या आहे. रंगसंगती, छायाप्रकाश आणि गिऱ्हाइकाची आवड ओळखणे ही तिच्या जोडीची. मुले ही विद्या कोणी शिकविल्यावाचून, परस्परांकडे पाहून आत्मसात करीत आहेत. त्यात तोटा कोणाचाच नाही, उलट कौतुक करावे असेच त्यात बरेच आहे. आक्षेप घ्यावयाचा तो या विद्येवर नसून तिच्या भोवती रचलेल्या व्यवहारावर आहे.

या व्यवहाराची पहिली अडचण साधनाची आहे. वर वर्णिलेला सपाट, रंगविलेला कपडा हा या पेठेतला जुना आणि हलका माल. त्याच्या वरच्या दर्जाचा माल म्हणजे अंगावर खऱ्यासारखा बसणारा, बाहुलीच्या शरीराप्रमाणे ताणला जाणारा त्रिमितीय कपडा, तसेच टोप्या, केस, पिशव्या. त्याची घडण करण्यासाठी ब्लेंडरसारखी त्रिमितीय आकृत्यांची साधने लागतात आणि रोब्लॉक्सचे स्वतःचे स्टुडिओ हे साधन विंडोज व मॅक संगणकांवरच चालते. फोनवाल्याला तेथे प्रवेश नाही. आपल्या देशापुरते बोलावयाचे, तर हा भेद किती खोल आहे ते सरकारी पाहण्याच सांगतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या ७५व्या फेरीत ग्रामीण भागातल्या ४.४ टक्के आणि शहरी भागातल्या २३.४ टक्के घरांतच संगणक आढळला होता. उलट २०२५च्या दूरसंचारविषयक पाहणीत ८५ टक्क्यांहून अधिक घरांत किमान एक स्मार्टफोन होता. म्हणजे पेठेचे दार सर्वांना उघडे आहे, परंतु माडीवर जाणारा जिना थोड्यांसाठीच आहे. फोनवालेही कारागीरच, पण खालच्या मजल्यावरचे. जेथे स्पर्धा सर्वांत जास्त, किंमत सर्वांत कमी आणि नक्कल सर्वांत सोपी. हा सपाट कपडा शेवटी एक चित्रच असल्याने ते उतरवून घेऊन स्वतःच्या नावाने पुन्हा विकावयास ठेवणाऱ्यांचा उपद्रव तेथे जुनाच आहे.

दुसरी अडचण नाण्याची आहे, आणि तीच मुख्य आहे. या पेठेत डॉलर चालत नाहीत, रुपये चालत नाहीत. कंपनीने पाडलेले ‘रोबक्स’ तेवढे चालते. फोनवरच्या ॲपमधून ४०० रोबक्स घ्यावयाचे, तर अमेरिकेत ४.९९ डॉलर पडतात. म्हणजे एका रोबक्सची खरेदीची किंमत सव्वा सेंट. कारागिराने मिळविलेले रोबक्स मात्र कंपनी परत घेते ते हजारी ३.८० डॉलर या दराने. २०२५च्या सप्टेंबरपूर्वी हा दर ३.५० डॉलर होता. म्हणजे एका रोबक्सची विक्रीची किंमत एक सेंटाच्या दोन पंचमांशांहूनही थोडी कमी. सराफ मोड घेताना घट धरतो, हे मराठी घराला ठाऊक आहे. परंतु शंभराचे सोने परत घेताना सत्तर घट धरणारा सराफ कोणत्याही पेठेत एक दिवसही तगणार नाही. येथे तो तगतो, कारण सोने पाडणारा तोच, विकणारा तोच आणि मोड घेणाराही तोच एकटा.

हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. फोनवर तयार केलेला सदरा कोणी १० रोबक्सना विकावयास ठेवला, असे समजू. दर विक्रीमागे कंपनी ३० टक्के कापून घेते आणि कारागिराच्या खात्यावर ७ रोबक्स जमा होतात. सदरा चढविण्याचे शुल्क वसूल होण्यासच दोन सदरे विकावे लागतात. कमावलेले किमान ३०,००० रोबक्स साठल्याखेरीज त्यांचे पैसे करून मिळत नाहीत. म्हणजे ४,२८६ सदरे विकले गेले पाहिजेत. त्याचे कारागिराला ११४ डॉलर मिळतील. डॉलर ९० रुपयांचा धरला तर दहा हजार रुपयांच्या थोडे वर. तेच सदरे घेण्यासाठी गिऱ्हाइकांनी ४२,८६० रोबक्स मोजलेले असतील, आणि ते फोनवरून घेतले असतील तर त्यांना सुमारे ५३५ डॉलर पडले असतील. म्हणजे गिऱ्हाइकाने मोजलेल्या दर रुपयातले एकवीस पैसे शिवणाऱ्याला पोचतात. संकेतस्थळावरून किंवा गिफ्ट कार्डातून रोबक्स घेणाऱ्यास कंपनी चौथाई अधिक देते. तो मार्ग सर्वांनी धरला, तरी हा आकडा सत्तावीस पैशांच्या पुढे जात नाही. त्रिमितीय कपड्याच्या बाबतीत तर कारागिराचा मूळ वाटाच ३० टक्के आहे.

त्यातही ३०,००० रोबक्सचा उंबरठा ओलांडणारे किती? कंपनीच्याच निवेदनपत्राप्रमाणे सप्टेंबर २०२० अखेरच्या वर्षात नऊ लाख साठ हजारांवर निर्मात्यांनी रोबक्स मिळविले होते. त्यांपैकी १०,००० डॉलरांच्या वर मिळकत झालेले हजार-अकराशे होते आणि लाख डॉलर ओलांडणारे अडीचशेच्या आत. हे आकडे कपड्यांबरोबरच खेळ बनविणाऱ्यांनाही धरून आहेत. २०२४ साली कंपनीने निर्मात्यांना एकूण सुमारे ९२ कोटी डॉलर दिले, ही रक्कम मोठी आहे आणि जाहिरातींतून ती आवर्जून सांगितली जाते. ती कोणत्या उंचीवरच्या किती डोक्यांवर पडते, हे सांगितल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. उरलेले बहुसंख्य आपले शेदोनशे रोबक्स पेठेतच खर्चून टाकतात. स्वतःच्या बाहुलीला दुसऱ्याने शिवलेला सदरा घेतात. तेरा वर्षांखालच्या मुलाला तर पैसे करून घेण्याचा मार्गच कंपनीच्या नियमांनी बंद ठेवला आहे. त्याने मिळविलेले सर्व कंपनीच्या पेठेतच संपावे लागते.

मजुरी आपल्या नाण्यात द्यावयाची आणि ते नाणे आपल्याच दुकानात चालवावयाचे, ही युक्ती नवी नाही. औद्योगिक क्रांतीच्या काळात इंग्लंडातले गिरणीमालक आणि खाणमालक हेच करीत. त्याला आळा घालण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १८३१ साली ट्रक ॲक्ट संमत केला. आसाम आणि सिल्हेटच्या चहाच्या मळ्यांतून मजुरांना मळ्याच्या नावाचे पितळी बिल्ले दिले जात आणि मळ्याच्या हद्दीबाहेर त्यांना कोणी विचारीत नसे. आपल्याकडे १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चलनी नाण्यांत व नोटांतच दिली पाहिजे असे ठरविले. २०२५च्या नोव्हेंबरपासून त्याची जागा घेणाऱ्या २०१९च्या वेतन संहितेनेही धनादेश आणि बँक खाते यांची भर घालून तेच तत्त्व कायम ठेवले. या तत्त्वामागचे कारण साधे आहे. ज्या नाण्याची किंमत देणाराच ठरवितो, त्या नाण्यात मिळालेली मजुरी ही देणाऱ्याच्या मर्जीवरची मजुरी असते. अर्थात रोब्लॉक्सवरचे मूल हे कायद्याच्या अर्थाने कामगार नाही. त्याला कोणी नेमलेले नाही, कोणी हजेरी घेत नाही. इचलकरंजीचा खर्चीवाला यंत्रमागधारकही व्यापाऱ्याचा नोकर नसतो. परंतु सूत दुसऱ्याचे, कापड दुसऱ्याचे आणि मजुरीचा दर दुसऱ्याच्या हातात, या स्थितीत स्वातंत्र्य किती उरते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याची मजुरी निदान रुपयांत असते.

या प्रकरणात कंपनीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कोट्यवधी लोकांसाठी चोवीस तास यंत्रणा चालविणे, लाखो वस्तूंची तपासणी करणे, मुलांच्या सुरक्षिततेवर खर्च करणे हे स्वस्तात होत नाही. फोनवरून होणाऱ्या खरेदीवर ॲपल आणि गूगल यांची दुकाने मोठी दस्तुरी घेतात, ती तीस टक्क्यांपर्यंत जाते. याच दस्तुरीवरून ‘फोर्टनाइट’चे निर्माते एपिक आणि ॲपल यांच्यात २०२० साली जो दावा सुरू झाला, तो जगभर गाजला. शिवाय २०२४ साली ३६० कोटी डॉलरांचे उत्पन्न होऊनही रोब्लॉक्सला ९० कोटी डॉलरांहून अधिक निव्वळ तोटा झाला. तेव्हा मुलांच्या श्रमांवर कंपनी गब्बर झाली, असे सरसकट म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. बहुसंख्य मुले पैशासाठी हे करीतच नाहीत, त्यांना त्यात आनंद मिळतो, हा युक्तिवादही खोटा नाही. परंतु कंपनीचा तोटा हा कारागिराला कमी देण्याचा आधार होऊ शकत नाही. आणि एखाद्याला कामात आनंद मिळतो म्हणून त्याची मजुरी कापावयाची ठरविली, तर सर्वांत आधी चांगल्या शिक्षकांचे पगार बंद करावे लागतील. दुसरी रचना शक्य आहे, याचे उदाहरणही याच व्यवसायात आहे. लिंडन लॅब या कंपनीच्या २००३ साली सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात कपडे करणाऱ्यांचा त्यांच्या निर्मितीवरील हक्क मान्य केला गेला, आणि तेथल्या नाण्याच्या खरेदी-विक्रीच्या भावांत अशी दरी नव्हती. ते जग मुख्यतः प्रौढांचे होते. प्रौढांना जे मिळाले ते मुलांच्या पेठेत मिळू नये, हा क्रम उलटा आहे.

भारतीय कायदा या मुलाकडे कसा पाहतो, हा यापुढचा प्रश्न. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच रद्दबातल ठरविला. तरी फोनवर ‘मान्य आहे’ या चौकोनावर बोट ठेवल्याशिवाय एकाही मुलाला पेठेत पाऊल टाकता येत नाही. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे चित्र काढणारा हाच त्याचा पहिला मालक, आणि वयाची अट तेथे नाही. म्हणजे सदऱ्याचे चित्र मुलाचे आहे, परंतु ते वापरू देण्याचा वैध करार मात्र त्याला स्वतः करता येत नाही. बालमजुरीविरोधी १९८६च्या कायद्याने, २०१६च्या दुरुस्तीनंतर, चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि कुटुंबाला हातभार व मनोरंजन क्षेत्रातले बालकलाकार असे दोन अपवाद ठेवले. पडद्यावरचा शिंपी दोहोंतही बसत नाही. २०२३च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांच्या संमतीची अट घातली. २०२५च्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी आणली आणि सामाजिक खेळ व ई-स्पोर्ट्स यांना उत्तेजन देण्याचे धोरण जाहीर केले. हे दोन्ही कायदे आवश्यकच होते. पण दोहोंच्या नजरेतले मूल हे गिऱ्हाईक आहे किंवा भक्ष्य आहे. ते काही निर्माण करते आणि त्या निर्मितीचे मोल कोणाच्या तरी खात्यावर जमा होते, हे कोठेच लक्षात घेतलेले नाही.

याचा अर्थ बंदी घालावी, असा नव्हे. तुर्कस्तानने २०२४च्या ऑगस्टमध्ये मुलांच्या सुरक्षिततेच्या कारणावरून रोब्लॉक्स बंद केले. बंदीने धोका काही काळ दूर जातो, पण शिकण्याची संधीही त्याबरोबर जाते. अधिक उपयुक्त पूर्वोदाहरणे अन्यत्र आहेत. कॅलिफोर्नियाने १९३९ साली बालनटांच्या मिळकतीचा काही भाग त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचा कायदा केला. फ्रान्सने २०२० साली चित्रफितींतून झळकणाऱ्या सोळा वर्षांखालील मुलांनाही तसे संरक्षण दिले. आपल्याकडे बालकलाकाराच्या मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा नियम २०१७ साली झालाच आहे. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या मुलाला जी दृष्टी लागू केली, ती पडद्यामागे बसून सदरा रंगविणाऱ्या मुलाला लागू करण्यासाठी नवे तत्त्वज्ञान लागत नाही. नाण्याचे खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव प्रत्येक खेळाडूला त्याच्या देशाच्या चलनात शेजारी शेजारी दाखविण्याची सक्ती करावी. अज्ञान निर्मात्यांसाठी पैसे काढण्याचा उंबरठा खाली आणावा. तेरा वर्षांखालच्या मुलाची मिळकत पालकांच्या देखरेखीखाली, ते मूल वयात येईपर्यंत जपली जावी. चित्र चोरीस गेल्याची तक्रार भारतीय भाषांतून करता यावी. एवढ्या चार गोष्टी कोणत्याही कंपनीचे दिवाळे काढणाऱ्या नाहीत.

शाळेचा वाटा याहून मोठा आहे. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची दीर्घ परंपरा आहे. दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थी त्यांना बसतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची कल्पना मांडली. या दहा दिवसांतला एखादा दिवस गावातल्या शिंप्याबरोबर आणि फोनवर सदरा रंगविणाऱ्या वर्गातल्याच एखाद्या मुलाबरोबर घालविला, तर दोघांनाही परस्परांपासून शिकण्यासारखे पुष्कळ सापडेल. शिंपी बगलेची शिवण कशी जुळवावयाची ते सांगेल, मुलगा ती पिक्सेलमध्ये कशी मोजावयाची ते दाखवील. त्याच तासाला गणिताच्या शिक्षकाने फळ्यावर ४,२८६ सदऱ्यांचा हिशेब मांडला, तर शेकडेवारीचे प्रकरण मुले जन्मभर विसरणार नाहीत. आणि ज्या शाळांत संगणककक्ष आहेत पण शाळा सुटताच त्यांना कुलूप लागते, तेथे संध्याकाळचा एक तास ते कुलूप काढले, तर फोनवाल्या मुलांपैकी काहींना वरच्या माडीचा जिना दिसेल.

पालकांनाही आपला प्रश्न थोडा बदलावा लागेल. ‘किती वेळ फोन पाहतोस?’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो पुरेसा नाही. ‘काय बनवलेस, त्याचे तुला काय मिळाले आणि ते कोणत्या भावाने?’ असे विचारणारा पालक मुलाला एकाच वेळी दाद देतो आणि सावधही करतो. कारकुनी करून संसार चालविणाऱ्या घराला हिशेबाची सवय असते. त्या सवयीचा उपयोग येथे व्हावा. पाचशे रुपयांचे रोबक्स घेऊन दिले आणि मुलाने त्यावर महिनाभर खपून दोनशे रोबक्स मिळविले, तर त्याच्या हाती नेमके काय आले, हे त्याच्याबरोबर कागदावर मांडून पाहण्यास दहा मिनिटे पुरतात.

कपडा पडद्यावरचा असो की अंगावरचा, त्याच्यामागे कोणाचे तरी डोळे आणि बोटे शिणलेली असतात. त्या शिणण्याला खेळ म्हटले की मजुरीचा प्रश्न मिटतो आणि कला म्हटले की दराचा प्रश्न मिटतो, या समजुतीवर आजवर अनेक पेढ्या चालल्या. शिलाई ठरलेली असावी, ती चलनी नाण्यात मिळावी आणि आपला माल आपल्या नावाने विकला जावा, एवढीच शिंप्याची मागणी सर्व काळी राहिली आहे. फोनवर बोटाने सदरा रंगविणाऱ्या मुलाने ती अजून केलेली नाही, कारण आपण शिंपी आहोत हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ते त्याला सांगण्याचे काम घराचे आणि शाळेचे आहे, आणि त्याने मागणी केल्यावर तिची दखल घेण्याचे काम कायद्याचे.